गुडघा

शिवोलीत रात्री पावणेदोनला
इनास पुन्हा माडावर चढतो
आणि तिसऱ्या खाचेवर त्याचा गुडघा
पिळलेल्या फडक्यासारखा आत जातो.

मी वायरफ्रेम उघडते.
इथे चौकोनच हवेत, चार बाजूंचे,
एकाला लागून एक, गुडघ्याभोवती कडं करून,
म्हणजे वाकताना कातडीला वाट कळते.
घाईत वाटीवर एक पंचकोन शिरला होता.
इनास नुसता उभा असता तर कुणाला दिसलाही नसता.
त्रिकोण मी लपवते: टोपीखाली,
टाचेच्या तळाशी, काश्टीच्या गाठीआड,
जिथे काही वाकत नाही.

सकाळी खऱ्या इनासला म्हटलं,
जरा पाय दुमडून दाखव.
"पळय गो, रेंदेराचो पाय," तो हसला.
डाव्या वाटीखाली टाक्यांची खूण,
तीन टोकांची,
इगर्जीमागच्या माडावरून पडला तेव्हाची.
बाकी कातडी सरळ सरकते,
तिथे येऊन अडते, चुणी पडते,
तो क्षणभर थांबतो
आणि मगच वरची खाच पकडतो.

तो थांबतो, हे माझ्याकडे नव्हतंच.

आता अख्खा पाय चौकोनी.
फक्त त्या जागी एक त्रिकोण राहू दिलाय,
मुद्दाम.
आमच्या सरांनी तो आधी खोडला असता.

संध्याकाळ. पडद्यावर पट्टी हलते:
रेंडर, चार टक्के.
कुंपणापलीकडे रेंदेर अर्ध्या माडावर,
दुदिणें कमरेला आपटतंय.
मी चहा टाकते. बराच वेळ आहे.