ऊना

मनामात, गुदैबियाच्या गल्लीत, आमच्या पार्लरच्या पाटीवर
मेंदी, थ्रेडिंग, फेशियल, एवढंच लिहिलंय.
सुईचं काम मागच्या खोलीत,
गीझरच्या खाली, दार लोटून.

ग्रॉन्या आली ती शाळेतून थेट,
बोटांना फळ्याच्या मार्करची शाई.
पर्समधून चौघडी कागद काढला:
एक उभी रेघ, तिला आडव्या नऊ.
मला वाटलं, दुधाचा हिशेब.

"मुलीचं नाव," ती म्हणाली. "ऊना."
मला ऐकू आलं, उणं.

मुलगी सहा वर्षांची. तिकडे, आयर्लंडला, आजोबांकडे.
आमच्या जुन्या दगडांवर असंच कोरलंय, ती सांगत होती,
खालून वर वाचायचं,
अक्षरांना नावं झाडांची.
आधी तीन, मग पाच एकाच अंगाला, मग एक.
पहिल्या तिनांत एक वाढली की स्वर बदलतो,
मूल दुसऱ्या कुणाचं होतं.
म्हणून मी ओठांवर मोजत राहिले.

आमची अक्षरं वरच्या रेघेला लोंबतात,
दोरीवर वाळत घातल्यासारखी.
ही खोडाला फुटत होती,
आणि ती हूं की चूं करत नव्हती.

पाचव्या रेघेला तिने विचारलं, "तुला?"
मृणाळ. खेडला, बहिणीकडे. श्रावणात आठ पूर्ण.
"थांब, लिहून देते."
मोकळ्या हाताने कागदाच्या पाठीवर
पायथ्यापासून चढत गेली, आणि टोकाशी अडली.
"परत म्हण."
ळ.
"ल?"
ळ. जीभ उलटी वळवून दाखवली.
तिनेही वळवली, घोळवली, सोडून दिली.
दोघी हसलो, सुई हातात तशीच चालू.
तिच्या रानात ते झाडच नव्हतं.

माझ्या मावशीच्या कपाळावर हिरवं गोंदण होतं.
म्हणायची, जाताना दागिने उतरवून घेतात गं,
हे कोण उतरवणार?

शेवटची एक रेघ. पुसलं, मलम लावलं, प्लास्टिक गुंडाळलं.
पंधरा दिनार होतात, बारा घेतले.
ती हात छातीशी धरून गेली,
जसं काही कुणी झोपलंय त्यावर.

रात्री शटर ओढायच्या आधी
कोनात जरा मेंदी उरलेली दिसली.
मनगटावर एकटा ळ काढला.

शुक्रवारी फोनच्या पडद्यावर मृणाळ नाक लावून बघते:
"आई, हे काय गं? अर्धवटच आहे."
तुझं नाव, म्हटलं.
शेवटाकडून सुरू केलंय.