चौथी फेरी

आयलर्ट मोजे काढतो तेव्हा मी खिडकीकडे बघते.
वाकायला त्याला वेळ लागतो, आणि
वेळ लागलेला कुणी पाहिला की तो चिडतो.
बाहेर दुपारचे बारा. काळोख.
वार्डोत सूर्य नोव्हेंबरात जातो
तो जानेवारी सरत आला की तोंड दाखवतो;
बंदरातले दिवे तेवढे जागे.

टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, हनुवटी सरळ.
एकशे चौऱ्याहत्तर पूर्णांक दोन.
"तुमची पट्टी आखडली आहे," तो म्हणतो.

पहिल्या फेरीत, बारा वर्षांपूर्वी, तो एकशे ऐंशी होता.
मी नवी होते, तो नुकताच बोट विकून आलेला.
हाडाचा मच्छीमार.
हात मिळवला, तर माझी बोटं रात्रीपर्यंत ठणकत होती.
आता पकडीचं यंत्र आवळताना
त्याच्या कानाची पाळी थरथरते.
नियमाप्रमाणे दोनदा.
तिसऱ्यांदा तो स्वतःहून आवळतो, आणि काटा बघत नाही.

यादीत दोनशे बारा पुरुष होते.
नावांपुढे मी खुणा करते:
गोल म्हणजे आला नाही,
चौकोन म्हणजे आता येणार नाही.

उपाशीपोटी काढलेलं रक्त, सहा नळ्या,
उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये.
"आमचा कॉडसुद्धा इतका गारठलेला नसायचा."
मग तो टेबलावर निजतो,
यंत्राचा हात त्याच्यावरून सावकाश सरकतो
आणि तो छताला विचारतो,
हाडं दिवसभर नुसती पडूनच असतात ना?

नाही, मी सांगते. आत दोन टोळ्या राबतात.
एक पोखरते, एक लिंपते.
म्हातारपणी पोखरणारे वेळेवर हजर,
लिंपणारे उशिरा, तेही अर्धेच.
आणि आणखी एक गंमत:
पुरुषाचं हाड धरून ठेवतं ते मुख्यतः
त्याच्या रक्तातलं थोडंसं बायकी संप्रेरक.
तो हसतो. मग हसणं मध्येच थांबतं.
"हलू नका," मी म्हणते. सवयीने.

गेल्या वर्षात पडलात? नाही.
चार वर्षांत कुठलं हाड मोडलं? नाही.
कॉडलिव्हर तेल? रोज, आईने लावलेली सवय,
हाडीमाशी खिळलेली.

पडद्यावर त्याचा कणा खालून वर उमटत येतो,
धुक्यातून धक्क्याचे खांब दिसावेत तसा.
बाराव्या मणक्याची पाचर झाली आहे.
पुढची बाजू बसलेली.

मी खुर्ची वळवते.
तो पडद्याकडे बघत राहतो, बराच वेळ.

"मार्चमध्ये," तो म्हणतो.
"बोर्गनीला टबातून काढत होतो.
पाठीत काडकन वाजलं.
ती म्हणाली, टबाचं बूच निघालं बहुतेक."
मग?
"मग काय. तिला उचललं, पुसलं."
दवाखान्यात नाही गेलात?
"तिला कुणाजवळ ठेवून?"

फॉर्मवर मोडण्याची कारणं चारच आहेत.
पडणे. अपघात. खेळ. इतर.
इतरसमोर वीस अक्षरांची जागा.
मी लिहिते: वजन उचलताना.
किती, किलोत, असा पुढचा प्रश्न येतो.
"लग्नात एकसष्ट," तो म्हणतो. "ऑगस्टमध्ये एकोणचाळीस.
मार्चचं मला ठाऊक नाही. तेव्हा मी मोजत नव्हतो."

तो रकाना मी रिकामा सोडते.
संगणक तांबडा होतो, दोनदा हटकतो,
मग पुढे जाऊ देतो.

मोजे घालून झाल्यावर तो परत भिंतीपाशी जातो.
"आणखी एकदा मोज."
टाचा, पाठ, हनुवटी.
तो श्वास इतका आत ओढतो
की शर्टाचं वरचं बटण ताणलं जातं.
एकशे चौऱ्याहत्तर पूर्णांक एक.
किती, तो विचारत नाही.

"पुढची फेरी कधी?"
चार वर्षांनी.
"माझं नाव पेन्सिलने लिही," तो म्हणतो,
आणि दारातून बाहेर पडताना
चौकटीला डोकं लागेल म्हणून वाकतो,
जुन्या उंचीच्या हिशेबाने.