फक्त पाहण्यासाठी

वेर्ण्याच्या पठारावर, औषधकंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर
एक खोली आहे, बारमाही अठरा अंशांची.
आत आठ सर्व्हर, आणि आठांत मिळून
एक कळफलक, एक पडदा, एक माउस.
आठ घरांची एकच विहीर असावी तसं.
मधल्या चपट्या डब्यावरचं बटण दाबायचं,
पडदा याच्याकडून त्याच्याकडे जातो.

कायतान फुर्ताद एकतीस वर्षं या खोलीत.
परवा निवृत्त झाला, केक कापला,
हातरुमाल खुर्चीच्या पाठीवर विसरून गेला.
साहेब म्हणाले, डबा आता नेटवर्कवर आहे,
त्याला घरून बघता येईल असं कर,
अडलं तर विचारायला माणूस हवा.
आणि दारातून परत वळून:
बघता येईल एवढंच हं.

म्हणून आज रात्री फोन कानाशी धरून
मी त्याची सेटिंगं लावतोय. तो तिकडे चांदरला.

"दिसतंय?"
"दिसता. पूण थांबत थांबत दिसता."
त्याच्या घराकडची लाइन बारीक, माडांमधून लोंबत जाणारी.
रंग कमी केले. आणखी कमी केले.
दोनशे छप्पन्नवरही चित्र अडकायचं,
शेवटी राखाडी.
दुरून डोंगर साजरे म्हणतात,
दुरून सर्व्हर करडे.
"तांबडो दिवो खंयचो, पाचवो खंयचो?"
"डावीकडचा हिरवा."
"तें म्हाका खबर आसा रे. हांवेंच लायिल्लो तो."

मग माप.
'मावेल तसं' निवडलं तर अक्षरं मुंग्यांएवढी.
'आहे तसं' निवडलं तर पडद्याचा चतकोर बाहेर,
कोपऱ्यातलं घड्याळ बघायला सरकावं लागतं.
त्याला आहे तसंच हवं होतं.

"दोन बाण दिसतात," म्हणाला.
बरोबर. एक हाताचा, एक मशीनचा,
बोटभर अंतर ठेवून मागून येणारा,
पोदेराच्या सायकलमागं धावणाऱ्या कुत्र्यासारखा.
जुळवणीचं बटण दाबलं.
दोघे डाव्या वरच्या कोपऱ्यात गेले, तिथं भेटले,
परत आले ते एकच होऊन.
कायतान हसला.
पाचव्या सर्व्हरवरची एक फाइल उघडली, बंद केली,
उगाच. मी इथं बसून बघत होतो,
माउस टेबलावर स्वस्थ पडलेला
आणि बाण चालतोय.

त्यानंतर मी त्याच्या नावापुढची खूण काढली.
ताबा, वाटणी, फक्त पाहणं:
यादीत शेवटचं.
"आता हलवून बघ."
बराच वेळ काही हललं नाही.
"हालना."
"हो."
मागं कुणीतरी तेर्स म्हणत होतं, दोन-तीन आवाज.
"बरें," म्हणाला, आणि फोन ठेवला.

एक रकाना उरला होता.
इतकी मिनिटं काही केलं नाही तर बाहेर काढा.
आधीपासून तिथं दहा लिहिलेलं.
ज्याला काही करताच येत नाही
त्याची दहा मिनिटं मोजायची कुठून?
मी शून्य टाकलं.
शून्य म्हणजे कधीच नाही, असं माहितीपुस्तकात
तळाला बारीक अक्षरांत आहे.
साहेब तिथवर वाचत नाहीत.

अडीच वाजता पाचव्यावर तापमानाचा आलेख बघत होतो,
सरळ रेघ, बघण्यासारखं काही नाही.
कडेच्या चौकटीत: जोडलेले पाहणारे, एक.
मी आलेख बाजूला केला,
माउस धरला
आणि मोकळ्या पडद्यावर बाण गोल फिरवला,
एकदा असा, एकदा उलटा.

खिशात फोन थरथरला.
काढेपर्यंत थांबला. मिस्ड कॉल.

मग आम्ही सहाव्यावर गेलो.