गाळणी

नाट्याच्या जेटीवर पहाटे साडेतीनला
इंजिन लागलं की मी तेलाचा काटा बघत नाही.
बिस्मिल्ला ओठांवर असतंच,
पण कान आधी बाजूच्या फळीखाली जातात:
पाणी पडतंय का?
धुराच्या नळीतून, ठसकत, थांबून थांबून,
म्हाताऱ्यानं चूळ टाकावी तसं.
पडत असेल तर नांगर उचला.

हे ऐकणं शमसूचाचा होडेकरांचं.
त्यांचा डावा कान सहा सिलिंडरांनी खाल्लेला,
उजव्यावर ते बोट चालवायचे.
"समुद्र पोटात घ्यायचाय ना,
मग चहासारखा गाळून घे.
चोथा गाळणीत दिसू दे, कपात नको."

म्हणून परतल्यावर, मासळी उतरायच्याही आधी,
खालचा कॉक बंद,
झाकणाचे पाकळीनट सैल,
टोपली बाहेर.
तिवराचं कुजकं पान. कोळंबीच्या मिशा.
गुटख्याची पुडी.
हिरव्या नायलॉनचा दोरा (आमच्याच जाळ्याचा, कुणाला बोलणार?)
एकदा नखाएवढा खेकडा निघाला,
नांग्या उगारून उभा,
जणू मीच त्याच्या घरात शिरलो होतो.
आणि बंदी उठल्यावरच्या पहिल्या आठवड्यात तर
अर्जुना नदी राजापूरचा अख्खा बाजार
खाडीतून खाली ढकलते.
तेव्हा दिवसातून दोनदा.

त्या रात्री ओहोटी होती.
आंबोळगडाचे खडक डावीकडे इतके जवळ
की फेसाचा वास येत होता.
मला काही कळलं नाही,
चाचांनाच कळलं.
"चूळ थांबली," म्हणाले,
आणि काटा लालात जायच्या आत इंजिन बंद केलं.

इंजिन बंद झालं की बोट केवढी लहान होते.
मुबीन तांडेलानं नांगर टाकला,
तो धरेना, घसरतच राहिला.
मी झाकण उघडलं. टोपली स्वच्छ.
संध्याकाळी मीच ब्रशनं घासलेली, चकचकीत,
तिचा मला राग आला.
"आत नाही," चाचा म्हणाले. "दारात बसलंय कोणीतरी."

त्यांनी कॉकवरचा पाईप सोडवला,
त्याचं तोंड लुंगीच्या टोकानं पुसलं,
स्वतःच्या तोंडात धरलं
आणि दुसऱ्या हातानं कॉक उघडला.
आधी समुद्रच त्यांच्या तोंडात आला.
थुंकले. पुन्हा धरलं.
गाल फुगले, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या,
अडुसष्ट वर्षांची, विडीनं निम्मी केलेली ती फुंकर
बोटीच्या बुडातून
कंबरभर पाण्याखाली गेली.

मी वर कठड्यावरून बॅटरी मारत होतो.
बुडबुडे.
नुसते बुडबुडे.
मग काळ्या पाण्यात काहीतरी पांढरं
अंग सोडवून घेत, आळस दिल्यासारखं
वर आलं.
गळानं ओढली. कापड दुकानाची पिशवी.
लाल अक्षरात लिहिलेलं:
पुन्हा अवश्य या.

मुबीन आधी शिवी हासडून गेला, मग हसत सुटला.
चाचा हसले नाहीत, खोकत होते.
खोकता खोकताच पाईप बसवला, क्लिप आवळली,
बोटानं खूण केली: मार.
इंजिन लागलं. आम्ही तिघंही श्वास धरून ऐकत राहिलो,
आणि बाजूनं पहिली चूळ पडली.

पुढच्या जुम्म्याला त्यांनी बाहेरच्या भोकावर
जाळी ठोकून घेतली,
सहज खरवडता येईल अशी, बोटभर पुढे.
कालवं तिच्यावरही चढतात, चढणारच.
दर अमावस्येच्या मोठ्या ओहोटीला
बोट वाळूवर बसली की मी पटाशी घेऊन खाली सरपटतो.

चाचा आता घरीच असतात, ओट्यावर.
पिशवी त्यांनी फेकू दिली नव्हती.
धुऊन वाळवली, तिच्यात जादा रबरी पंखा गुंडाळला
आणि इंजिनशेजारच्या खिळ्याला टांगली.
पंखा दोनदा बदलला.
पिशवी तीच आहे.