प्रतिसाद : नाही

मालवणच्या प्रशिक्षणात तिसऱ्या दिवशी,
वडापाव आणि हजेरीची सही यांच्या मधे,
पेडणेकर बाई म्हणाल्या,
प्रश्न विचारलात की तीन सेकंद थांबा.
बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

बाकी सगळं म्हणजे बरंच होतं.
मूल म्हणजे रिकामी घागर नव्हे,
मूल आपलं ज्ञान आपणच रचतं,
आपण फक्त शिडी धरायची
आणि वेळेवर काढून घ्यायची.
गट चौघांचे करावेत. चुकीला लाल शाई लावू नये.
मी सगळं वहीत उतरवलं, समास सोडून.
मी चांगला विद्यार्थी आहे, हीच माझी अडचण.

तळाशीलला रस्ता संपतो.
एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी,
मधल्या रेतीच्या पट्टीवर आमची शाळा.
पट सतरा, शिक्षक दोन,
त्यातले एक बहुधा मीटिंगला.

फोन खिडकीत ठेवून मी माझाच तास रेकॉर्ड केला,
रात्री खोलीवर ऐकला.
प्रश्न, आणि पाऊण सेकंदात माझंच उत्तर.
प्रश्न, उत्तर. प्रश्न, उत्तर.
मधे कुठेतरी एका पोराचा खोकला.
बारा वर्षं मी वर्गात स्वतःचीच परीक्षा घेतोय
आणि पहिला येतोय.

गुरुवारी फळ्यावर लिहिलं:
एक तृतीयांश, एक चतुर्थांश. मोठा कोण?
सगळे ओरडले, चतुर्थांश!
चार मोठे ना तिनापेक्षा.
हर्षाली तारी ओरडली नाही.
"हर्षाली, तू सांग."
आणि थांबलो.

एक.
पंख्याचं एक पातं घासतं, मला माहीतच नव्हतं.
दोन.
खाडीपलीकडे कुणीतरी होडीला ठोके घालतंय.
तीन.
तिची नजर फळ्यावरून निघाली
आणि खिडकीतून बाहेर गेली.
चार. पाच. नऊ.
तीन सेकंद सांगणाऱ्यांनी
तीनानंतर काय करायचं ते सांगितलं नव्हतं.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं,
मग घंटा झाली.

निरीक्षण तक्त्यात तिच्या नावापुढे लिहिलं,
प्रतिसाद : नाही.
तक्ता केंद्रशाळेत गेला.
तिथून वर गेला.

शनिवारी शाळा सुटली तेव्हा रापण ओढणं चाललं होतं.
पोरं दप्तरासकट दोराला.
मी घाटावरचा, अजून बांगड्याच्या काट्याला भिणारा,
पण लाजेखातर मीही हात लावला.
तळव्याला साल आली, जाळं आलं:
तारली, थोडी सुंगटं, पुष्कळ कचरा.
मग वाळूत वाटे पडायला लागले,
ढिगाशेजारी ढीग, ढिगाशेजारी ढीग,
ना पाटी, ना पेन्सिल,
आणि करणाऱ्याचा हात एकदाही अडखळला नाही.
त्यातला एक ढीग कुणीच उचलत नव्हतं.
मी विचारलं नाही. पिशवी घेऊन घरी आलो.

सोमवारी खिचडीनंतर, नळावर,
ताट विसळता विसळता, माझ्याकडे न बघता:
"तिनातलो मोठो, सर.
माणसां वाढली की वाटो बारीक जाता."

चार दिवस. रविवार धरून.
तक्त्यात एवढ्या सेकंदांचा रकाना नाही.
मी तोंड उघडलं, आता शाब्बास बाहेर पडणार,
त्याच्यामागून पुढचा प्रश्न,
त्याच्यामागून त्याचं उत्तर,
तेवढ्यात तिनेच ताट उलटं करून पाणी झटकलं:
"पण जो येवक नाय, आजारी आसा,
तेचो पण वाटो ठेयतत.
तो फळ्यार खंय लिवचो?"

आणि माझ्याकडे बघत
थांबली.

नळ टपटपत होता.
एक.
दोन.