नावाला जुने

शेवटची फेरी आता सव्वानऊला.
दुपारीच लिहिलं मी हे पंचायतीच्या पानावर,
तांबड्या अक्षरांत,
आणि कॅश रिकामी करायचं बटण
तीनदा दाबलं.

तरी युफेमिया जुन्या गोव्याच्या धक्क्यावरच,
मासळीची पाटी पालथी घालून बसलेली.
फोन माझ्या नाकाशी धरते:
"शाणू, हांगा धा वरां बरयल्यांत मरे!"

खरंच दहा.

रिकामं कर म्हटलं
म्हणून जुनी पानं कुणी मांडवीत सोडत नाही.
यंत्र त्यांच्या नावाला फक्त 'जुने' एवढं चिकटवतं
आणि राहू देतं दाराशी,
आलेला विन्मुख जाऊ नये म्हणून.
नवं कधी होणार?
कुणी मागायला आलं की.
पहिल्याला जुनंच वाढतात,
त्याच्या मागण्याने चूल पेटते,
गरम पडतं ते दुसऱ्याच्या पानात.

दुपारपासून कुणी फिरकलंच नव्हतं.
युफेमिया पहिली.

हे तिला कुठल्या तोंडाने सांगू?
मागे व्हाइसरॉयची कमान, तिच्यावर एक दिवा.
या शहराच्याही नावाला
असाच कुणीतरी तो शब्द लावला,
राजधानी पणजीला नेली, घरांचे चिरेसुद्धा नेले,
आणि शहर राहू दिलं दाराशी.
अजून पाहुणा आला
की आधी हेच दाखवतात.

"खाली ओढ," मी म्हणतो, "ताजं होईल."
ती ओढते. दहा.
पुन्हा ओढते, बोटाला खवलं चिकटलेलं. दहा.
फोनलाही आपला एक खण असतो,
माझं बटण तिथवर पोचत नाही.
माझ्या फोनवर सव्वानऊ. तिच्यावर दहा.
मध्ये काळं पाणी
आणि पलीकडे दिवाडचे दोन-तीन दिवे.

"वत तू घरा," ती म्हणते. मी जात नाही.

दहाला पाच कमी असताना
पलीकडचा एक दिवा हलला.
मग इंजिनाची घरघर,
मग लोखंडी फळी धक्क्यावर आपटली.
आगोस्तीन.
"शेवटची सव्वानऊची ना रे?" मी विचारतो.
बिडी कानामागे खोचत तो म्हणतो,
"म्हज्या फोनार धाच आसात."

त्याचा फोन मी पाहिलाय.
बटणांचा, रबराने बांधलेला.
त्यावर कुठलंच पान उघडत नाही.

युफेमिया पाटी उचलते.