पट्ट्याला धरून

ओलावी उलटा चालतो.
तीस किलोंचं चिलखत अंगावर,
छातीतून निघालेला स्प्रिंगचा हात,
त्या हाताच्या टोकाला कॅमेरा,
आणि कॅमेऱ्यापुढे ते दोघे, टँगोत.
मी त्याच्या मागे. माझी चार बोटं
त्याच्या कमरेच्या पट्ट्यात अडकवलेली.
कोणी काम विचारलं तर सांगते:
मागे काही आडवं नाही ना, एवढं बघायचं.

शुक्रवारची रात्र, ताम्पेरे, स्टुडिओ दोन.
बाहेर उणे एकोणीस. आत, दिव्यांखाली,
ओलावीच्या मानेवरून घामाचा ओघळ
कॉलरमध्ये शिरतो, तो मी दर शुक्रवारी बघते.
नाच मात्र कधी बघितलेला नाही.
सात वर्षं झाली.
मला विचाराल तर नाच म्हणजे एका माणसाची पाठ,
शर्टाची उसवत आलेली शिवण,
श्वासाबरोबर वर जाणारा डावा खांदा.
उजवा जात नाही. तो गोठलेल्या तळ्यावर
पडला होता एकदा, कधी ते सांगत नाही.

मुलं म्हणतात, तुम्ही दोघं भुतं,
उलट्या पावलांची.

कानात क्युल्लिक्की मोजत असते,
वर काचेच्या खोलीत, आठ पडद्यांपुढे,
तिच्या कागदावर मात्रान् मात्रेला आकडा:
"एक्केचाळीस, तीन. तयार राहा, दोन. दोन."
दोन म्हणजे आम्ही.
लाल दिवा पुढे लागतो, मला दिसत नाही,
पण ओलावीची कंबर किंचित खाली बसते,
ओझं डोक्यावर घेण्याआधी हमाल बसतो तशी.

नव्या पोरांना त्याची शिकवण एकच:
चेहरा हुकला तर हुकू दे,
पाय कापायचे नाहीत.
पाय कापलेत, तर ती दोन माणसं
बसथांब्यावर थंडीनं डोलताहेत
असंच दिसणार घरोघरी.

त्या रात्री ईरिसच्या सँडलचा बंद तुटला.
मला कसं कळलं?
आवाज नाही झाला.
ओलावीच्या पाठीतून काहीतरी सरकन गेलं, एवढंच.

"पाय, दोन, पाय," क्युल्लिक्की म्हणाली.
कागदावर पायच होते, मात्रा अठ्ठ्याहत्तर.
तो खाली जायचा, तो वर गेला.
गुडघा, कोपर, यालमारीच्या पाठीवर
पसरलेला तिचा तळवा,
मग तिचं तोंड, न हसणारं,
आणि तिथे थांबला.
कानात एक शिवी.
मग बराच वेळ काही नाही.
मग तीच, हळू: "राहा तिथे."

तालमीत हे नव्हतं.
निळ्या चिकटपट्टीची खूण आम्ही ओलांडली,
मागे केबलची वेटोळी, वादकांच्या मंचाची पायरी.
मी पट्टा डावीकडे ओढला. तो आला.
पुन्हा ओढला, अर्धं पाऊल.
त्यानं विचारलं नाही, मान वळवली नाही,
साठीला टेकलेला तो जड माणूस
माझ्या चार बोटांवर
समेवर वळला.

तेव्हाच त्याच्या कमरेच्या बाजूनं
घसरत आली ती सँडल, चंदेरी, एकटी,
गोल फिरत माझ्या बुटापाशी थांबली.
सात वर्षांत मी बघितलेला नाच तेवढाच.
पायानं ती मंचाखाली ढकलली.
पलीकडे, चौकटीच्या खाली, ईरिस
एक टाच उचलून धरून
उरलेल्या मात्रा पुऱ्या करत होती.

नंतर मी त्याचं चिलखत उतरवलं.
तो खोक्यावर बसून कॉफी प्यायला,
म्हणाला, "डाव्या पायाची?"
"डाव्या."
"वाटलंच."

फोन वाजला. कुओपिओहून बहीण.
दर शुक्रवारी बघते ती, न चुकता.
तिचा आवाज मलासुद्धा ऐकू आला:
आज पाय का नाही रे दाखवलेस?

"चुकलं," ओलावी म्हणाला,
आणि कपातली साखर चमच्यानं खरवडत बसला.
मी हातमोजा चढवला.
बोटांवर पट्ट्याचा वळ होता, तो आत गेला.